सोडलेला मासा दुसऱ्या दिवशी का मरतो?

प्रश्न थोडक्यात असा. मे महिन्यात मावळातल्या एका धरणाच्या फुगवट्यात तुम्हाला अंदाजे सहा किलोचा महासीर लागला. वीस-पंचवीस मिनिटं खेळवून तो काठाला आणला, गळ काढला, तुम्ही आणि मेहुण्यांनी आळीपाळीने फोटो काढले आणि मासा पाण्यात सोडला. शेपटी मारून तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच मासा उथळात पोट वर करून तरंगताना दिसला. गावातल्या जाणत्यांचं म्हणणं पडलं की गळाला लागलेला मासा जगत नाही, तो घरीच न्यायचा. हे खरं आहे का, आणि आपलं चुकलं काय, असं तुम्ही विचारलं आहे.

आधी पहिल्या भागाचं उत्तर. गळाला लागलेला मासा जगतो, आणि महासीर तर चांगलाच जगतो. कावेरीवर निळ्या पराच्या महासीरचा याच दृष्टीने अभ्यास झाला, तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. गळाने पकडून सोडलेल्या त्या माशांत एकही मेलेला आढळला नाही. दहातल्या नऊ माशांना गळ तोंडातच लागला होता, मोठ्या जखमा फार कमी होत्या. पण त्याच अभ्यासात असंही दिसलं की झुंज जितकी लांबली तितका मासा सुस्त पडला, आणि मोठे मासे लहानांपेक्षा जास्त थकले. म्हणजे मासा चिवट आहे, पण त्या चिवटपणाला मर्यादा आहे. तुमच्या माशाची ती मर्यादा तीन बाजूंनी ओलांडली गेली: लांबलेली झुंज, हवेत गेलेला वेळ आणि मे महिन्यातलं पाणी.

मी तीस वर्षं गळ टाकतोय. त्यातली पहिली दहा-बारा वर्षं मीही शेपटी मारून गेलेला मासा वाचला असंच समजत होतो. पोहत जाणं ही फक्त पहिली पायरी आहे. मासा मरतो तो नंतर, काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी, आपण घरी पोचल्यावर. तुम्हाला तो दिसला कारण तुम्ही मुक्कामाला होतात. बहुतेकांना कधीच दिसत नाही, म्हणून आपलं काही चुकतंय हे त्यांच्या ध्यानातही येत नाही.

आत काय होतं ते समजून घ्या, मग बाकीचं आपोआप सुचेल. गळाला लागलेला मासा जिवाच्या आकांताने पळतो. आपण जिना धावत चढल्यावर जसं होतं तसं त्याच्या स्नायूंना प्राणवायू पुरत नाही, लॅक्टिक आम्ल साचतं आणि रक्ताची आम्लता वाढते. हे निवळायला त्याला तासन् तास लागतात, आणि त्यासाठी भरपूर प्राणवायू हवा असतो. नेमक्या त्याच क्षणी आपण त्याला पाण्याबाहेर काढतो. कल्ल्यांतल्या लालभडक, पिसासारख्या पातळ पाकळ्या पाण्यात एकमेकींपासून सुट्या राहतात. हवेत त्या ओल्या कागदासारख्या एकमेकींना चिकटतात आणि श्वास जवळजवळ थांबतो. धावून धापा टाकणाऱ्या माणसाचं नाक-तोंड दाबून धरावं, तसं.

याचं मोजमाप कॅनडात झालेलं आहे, १९९२ साली प्रसिद्ध झालेलं. रेनबो ट्राउट जातीचे मासे पूर्ण दमेपर्यंत पळवले. दमवून पाण्यातच ठेवलेल्यांपैकी ८८ टक्के जगले. दमवल्यावर ३० सेकंद हवेत धरलेल्यांपैकी ६२ टक्के. आणि ६० सेकंद धरलेल्यांपैकी फक्त २८ टक्के. ट्राउट थंड पाण्यातला नाजूक मासा आहे, प्रयोग टाक्यांमधला होता, तेव्हा हे आकडे आपल्या महासीरला जसेच्या तसे लावायचे नाहीत. पण अर्धं मिनिट आणि एक मिनिट यांत किती फरक पडतो, ते लक्षात ठेवण्याजोगं आहे. दोघांनी आळीपाळीने फोटो काढायला किती वेळ लागला असेल? मी अशा प्रसंगी घड्याळ लावून पाहिलंय. "एकच काढ रे" म्हणता म्हणता दीड-दोन मिनिटं सहज जातात.

आता पाणी. वीस अंशांच्या पाण्यात जास्तीत जास्त साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू लिटरमागे विरघळतो, तीस अंशांच्या पाण्यात साडेसात. आणि गरम पाण्यात माशाची गरज उलट वाढलेली असते. मे महिन्यात दुपारी तीन वाजता फुगवट्याच्या काठचं गुडघाभर पाणी पायाला कोमट लागतं. ज्या पाण्यात तुम्ही त्याला सोडलंत, त्यात त्याला दम घ्यायला जागाच नव्हती. एप्रिल-मेमध्ये सोडायच्या हेतूने मोठ्या माशामागे लागायचं असेल तर पहाटे जा आणि नऊ वाजता काठी गुंडाळा. मी मे महिन्यात मोठ्या माशाच्या नादाला लागतच नाही. हिवाळा आपल्याकडे पुरेसा लांब आहे.

मासा जगणार की नाही, याचा निम्मा निकाल गळ पाण्यात टाकण्याआधी लागलेला असतो. बारीक दोर, हलकी काठी लावून मोठा मासा काढला की लोक कौतुक करतात. मला ते कौतुक पटत नाही, कारण त्याची किंमत मासा मोजतो. सहा-आठ किलोच्या माशाची शक्यता असलेल्या जागी दोर आणि काठी अशी लावा की तो दहा मिनिटांच्या आत हाताशी येईल. काठी नीट वाकू द्या, फिरकीचा ब्रेक आवळा, मासा थकायची वाट पाहू नका. दोर तुटला तर तुटला.

गळाच्या टोकामागचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा. रुमालात गळ टोचून ओढून पाहा, धागा न उसकटता तो सुटला तर काम झालं. मासे सुटून जातील ही सगळ्यांनाच भीती वाटते. दोर ताणलेला ठेवला तर फार सुटत नाहीत, आणि काढताना दोन मिनिटांचं काम दोन सेकंदांत होतं. नकली माशाला असलेले तिहेरी गळ काढून टाकून मागे एकच गळ लावा. तिहेरी गळाचं एक टोक ओठात आणि दुसरं डोळ्यात गेलेला मासा मी पाहिला आहे. त्याच दिवशी घरी येऊन डब्यातले सगळे तिहेरी गळ बदलले.

कणकेचा गोळा किंवा गांडूळ लावून बसणाऱ्यांसाठी वेगळा धोका असतो. आमिष सावकाश गिळलं जातं आणि गळ घशात जातो. काठी दगडाला टेकवून गप्पा मारत बसलं की हे हमखास होतं. काठी हातात ठेवा, आणि टोक आत वळलेला गोल गळ वापरा. तो बहुतेक वेळा ओठाच्या कोपऱ्यात अडकतो. फक्त एक सवय मोडावी लागते. मासा लागल्यावर काठीला हिसका द्यायचा नाही, दोर सावकाश गुंडाळत ताण घ्यायचा. हिसका दिला की गोल गळ तोंडातून तसाच निसटून येतो.

मासा काठाशी आला. आता हात. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर म्हणजे घाण नव्हे, ते त्याचं कातडीवरचं कवच आहे. बुरशी आणि जंतू त्याच्यामुळे आत शिरत नाहीत. हे मला पुस्तकातून कळलं नाही. ओळखीच्या एका शेतकऱ्याने शेततळ्यातले काही रोहू शेजारच्या तळ्यात हलवले. मासे हातातून निसटत होते म्हणून त्याने कोरडा पंचा घेतला आणि एकेक घट्ट धरून नेला. आठवड्याभराने मी गेलो तेव्हा दोन-तीन मासे काठाजवळ मलूल फिरत होते. एकाला हाताने वर घेतलं. त्याच्या एका कुशीवर कापसासारखी पांढरी बुरशी होती, चार पट्टे शेजारी शेजारी. दुसऱ्या कुशीवर एकच गोल डाग. चार बोटं आणि अंगठा. त्या शेतकऱ्याने स्वतःचा हात त्यावर ठेवून पाहिला, बरोबर बसला. पुढे कितीतरी दिवस तो माणूस तळ्याकडे जायला नको म्हणायचा.

म्हणून मासा हाताळण्याआधी हात कोपरापर्यंत ओले करा. हातमोजा नको, पंचा नको, गोणपाट तर अजिबात नको. हातजाळी घ्यायची तर रबराची, बिनगाठीची घ्या. नायलॉनच्या गाठी खवले खरवडतात आणि पर फाडतात. आणि मासा कातळावर ठेवू नका. आपल्याकडचा काळा कातळ उन्हात किती तापतो ते अनवाणी चालून पाहिलेल्याला सांगायला नको. वाळूवर किंवा मातीवर तडफडू दिलात तर कल्ल्यांत खडे जातात, तेही तितकंच वाईट.

गळ पाण्यातच काढा. मासा जाळीत, जाळी पाण्यात, तुम्ही मांडीभर पाण्यात उभे, हातात लांब चोचीची पक्कड. फुगवट्याच्या गाळात पाय रुततो, म्हणून जागा आधी चाचपून ठेवा. महासीरचे ओठ जाड, मांसल असतात. जबड्यात दात नसतात, दात असतात ते घशात, आणि त्यांनी तो खेकडे-शिंपले फोडतो. म्हणून गळ ओठात असेल तर अगदी सोपं काम आहे, पण घशात बोट घालायचं नाही. गळ खोल गेला असेल आणि दिसत नसेल, तर ओढू नका. दोर तोंडाजवळ कापा आणि मासा सोडा. साधा लोखंडी गळ गंजतो, पुष्कळ मासे कालांतराने तो टाकूनही देतात. गळ वाचवायला घशातून ओढून काढलेला मासा मात्र क्वचितच जगतो. स्टेनलेसचे गळ गंजत नाहीत, त्यामुळे सोडायच्या मासेमारीत ते नकोतच.

फोटो हवा असतो, मी समजू शकतो. सहा किलोचा महासीर आयुष्यात रोज लागत नाही. पण तयारी मासा पाण्यात असताना करा. फोनवाला जागेवर, ऊन पाठीमागे, बोट बटनावर. मग स्वतःचा श्वास रोखा, मासा पाण्यातून टीचभर वर उचला, एक फोटो, आणि खाली. तुम्हाला श्वास घ्यावासा वाटला की त्यालाही पाणी हवंय. उचलताना एक हात छातीच्या परांच्या मागे पोटाखाली, दुसरा शेपटीच्या बुंध्याला, मासा आडवा. जबड्याला किंवा कल्ल्याला धरून उभा लटकवायचा नाही. आयुष्यभर पाण्याने तोललेलं सहा किलोचं धूड एकदम जबड्यावर लटकलं की मणके आणि आतली इंद्रियं ताणली जातात. कल्ल्यात बोट घालणं तर फुप्फुसात बोट घालण्यासारखंच. वजन करायचं असेल तर ओल्या जाळीसकट करा आणि जाळीचं वजन वजा करा.

यानंतरच्या भागात बहुतेक जण घाई करतात, तुमच्याकडूनही तीच झाली. मासा लगेच ढकलून द्यायचा नसतो. नदी असेल तर त्याचं तोंड प्रवाहाकडे करून नुसतं धरून ठेवायचं, पाणी तोंडातून शिरून कल्ल्यांतून बाहेर पडतं. फुगवट्यात प्रवाह नसतो, तिथे त्याला धरून हळूहळू पुढे चालायचं, मोठं वर्तुळ घेत. मागे-पुढे झुलवायचं नाही. पुष्कळांना तसं करताना पाहतो, पण मागे ओढताना पाणी कल्ल्यांतून उलटं शिरतं आणि त्या नाजूक पाकळ्या दुमडतात.

धरून ठेवला असताना कल्ल्यांची झाकणं बघा. सुरुवातीला ती भराभर आणि वरवर हलतात, कधी मध्येच थांबतात. हळूहळू लय येते, उघडझाप खोल आणि संथ होते. मग तीन गोष्टी तपासा. त्याला पाण्यातच अलगद कुशीवर कलंडवा. शुद्धीतला मासा दोन-तीन सेकंदांत स्वतःहून सरळ होतो. कलंडवताना डोळा बघा, तो बुबुळ फिरवून समोरची रेषा धरून ठेवतो. निपचित माशाचा डोळा अंगाबरोबरच फिरतो, काचेच्या गोटीसारखा. आणि शेवटी शेपटीचा बुंधा जरा दाबा, हिसका बसला पाहिजे. तिन्ही जमलं की हात सैल करा, तो स्वतः जाईल. हे होईपर्यंत मी एकदा पस्तीस मिनिटं डिसेंबरच्या पाण्यात उभा होतो, दात वाजत होते. एक सांगतो, तरतरीत मासा मात्र उगाच धरून ठेवू नका. तो पहिल्याच मिनिटाला हात सोडवत असेल तर जाऊ द्या.

जाळीच्या पिशवीत किंवा बादलीत दिवसभर ठेवून संध्याकाळी "सगळे सोडले" म्हणणं, हे सोडणं नव्हे. बादलीतल्या पाण्यातला प्राणवायू मोठा मासा बघता बघता संपवतो.

आतापर्यंत महासीरबद्दल बोललो, कारण तुमचा प्रश्न त्याचा होता आणि मावळात त्याचं मोल वेगळं आहे. शास्त्रीय नोंद म्हणून हा मासा जगाला माहीत झाला तोच पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून, कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यामुळे, १८३९ मध्ये. त्याच्या 'टॉर खुद्री' या शास्त्रीय नावातलं 'खुद्री' हे इथल्याच बोलीतून उचललेलं आहे. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून त्याची पिल्लं तयार होतात. महाडजवळ वाळण कोंडीत आणि पालघर जिल्ह्यातल्या वाडा गावाजवळ तिळसे इथे देवाचे मासे म्हणून लोक त्यांना हात लावत नाहीत. बाकीच्या जागी ते आपल्या हातावर आहेत.

दुसऱ्या माशांना दुसरे नियम लागतात. मरळ हवेतूनही श्वास घेतो, त्यामुळे पाण्याबाहेर तो सहज तग धरतो आणि लोक त्याच्याशी निष्काळजीपणे वागतात. पण पावसाळ्यात पाण्याच्या पृष्ठभागावर तांबूस-केशरी पिल्लांचा थवा घोटाळताना दिसला, तर त्याखाली मरळ राखणीला असतो आणि समोर आलेल्या कशावरही झेप घेतो. तिथे गळ टाकणं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात वाईट. आईबाप दहा मिनिटं बाजूला झाले की बाकीचे मासे थव्यावर तुटून पडतात. चुकून लागलाच तर त्याच जागी, त्याच क्षणी सोडा. पहिल्या पावसात चढणीला निघालेल्या गाभोळीच्या माशांबद्दलही माझं मत हेच. ते अंडी घालायला निघालेले असतात, त्यांना सोडायच्या हेतूनेही पकडू नये.

खाडीत जिताडा लागतो. त्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड वस्तऱ्यासारखी धारदार असते, तिथे हात सांभाळा. जिताडा जन्मतो नर म्हणून आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे खाडीतले सगळ्यात मोठे जिताडे जवळजवळ सगळ्या माद्या. खायला मध्यम न्या, मोठी सोडा, असं मी रायगडातल्या मित्रांना दर वर्षी सांगतो आणि दर वर्षी वाद होतो.

समुद्रात होडीतून दहा वाव, म्हणजे साठेक फूट, किंवा जास्त खोलीवर गळ सोडला की हेकरू, तांब असे मासे येतात. वर आणताना पाण्याचा दाब कमी होतो, पोटातली हवेची पिशवी फुगते, जठर तोंडातून बाहेर येतं, डोळे बटाट्यासारखे होतात. महासीर, कटला, रोहू यांच्या हवेच्या पिशवीतून अन्ननलिकेकडे नळी असते, ते हवा सोडू शकतात. हेकरूला ती सोय नाही. तो वर तरंगत राहतो आणि घारी-कावळे त्याला टिपतात. बाहेर आलेलं जठर फुगा समजून टोचू नका. भाजीचा प्लॅस्टिकचा क्रेट उलटा करा, कडांना शिसं बांधा, वर दोरी लावा. मासा त्याखाली ठेवून क्रेट तळाकडे सोडा. दाब वाढला की पिशवी पुन्हा आकसते. मग क्रेट वर ओढा, मासा खालीच राहतो.

काही मासे मात्र सोडायचेच नाहीत. बंदी असलेला आफ्रिकन मांगूर किंवा काचेच्या टाकीतून सुटून धरणांत पसरलेला सकर मासा हाती लागला, तर तो परत पाण्यात जाता कामा नये.

राहिलं जाणत्यांचं म्हणणं. ते पूर्ण चुकीचं नाही. कल्ल्यांतून लाल रक्ताची धार लागलेली असेल, किंवा अर्धा तास धरूनही मासा कलंडतच असेल, तर तो वाचणार नाही. धरणाचा ठेका ज्या संस्थेकडे आहे तिची परवानगी असेल, तर असा मासा घरी न्या, नीट साफ करा, खा. तुमच्या सहा किलोच्या माशाच्या बाबतीत तशी वेळ आलेली नव्हती. तुम्ही लिहिलंय की सोडताना तो शेपटी मारून गेला, म्हणजे त्याच्यात जीव होता. जाड दोर, पहाटेची वेळ, एक फोटो आणि पाण्यात पंधरा मिनिटं उभं राहणं, एवढ्यावर तो जगला असता. पावसाळा संपून पाणी निवळलं की नोव्हेंबरात पुन्हा जा. गळाचा काटा घरूनच दाबून न्या, आणि मेहुण्यांच्या हातात फोन आधीच देऊन ठेवा.